उरेब पट्टी : घरगुती शिवणकामातील छोटे, पण मोलाचे तंत्र

शिवलेल्या कपड्याची पारख करावयाची असेल, तर जाणकार स्त्री प्रथम त्याचा गळा पाहते, मग बाहीचा मुंढा उलटा करून आतली शिवण पाहते. कापड कितीही भारी असले आणि मापे कितीही काटेकोर असली, तरी गळ्याची कड जर लाटेसारखी उभी राहत असेल किंवा मुंढ्यातून धागे सुटत असतील, तर तो कपडा ‘घरी शिवलेला’ म्हणून ओळखला जातो. याउलट साध्या मांजरपाटाच्या झबल्याची कड जर सफाईदार असेल, तर ते झबले बाजारातील तयार कपड्याच्या पंक्तीला बसते. हा फरक घडवून आणणारी वस्तू म्हणजे कापडाची जेमतेम दीड इंच रुंदीची एक तिरकी पट्टी होय. शिंपी मंडळी तिला ‘उरेब पट्टी’ किंवा ‘क्रॉस पट्टी’ म्हणतात.

ग्रामीण भागातील स्त्रियांना शिलाई यंत्रे देण्याचा उपक्रम आपल्या राज्यात अनेक वर्षे चालू आहे. यंत्र घरी आले की घरातील मुलांचे कपडे शिवले जातात, शेजारणींचे ब्लाउज येऊ लागतात आणि संसाराला चार पैशांचा हातभार लागतो, ही त्यामागील अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होणे न होणे केवळ यंत्रावर अवलंबून नाही. पहिले गिऱ्हाईक ओळखीने येते; दुसऱ्यांदा ते येते कामाची सफाई पाहून. म्हणूनच उरेब पट्टीसारखे लहान दिसणारे तंत्र नीट शिकविले जाणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी नवे कापड लागत नाही, वेगळे यंत्र लागत नाही. लागते ती थोडी समज आणि थोडा सराव. ही समज काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तिरक्या कापडाचे रहस्य

हातमागावरील असो वा यंत्रमागावरील, विणलेले कापड दोन प्रकारच्या धाग्यांचे बनते. लांबीच्या दिशेने जाणारा उभा धागा तो ताणा आणि रुंदीच्या दिशेने जाणारा आडवा धागा तो बाणा. एखादा हातरुमाल उभ्या धाग्याच्या दिशेने ओढून पाहावा. तो जवळजवळ वाढत नाही. आडव्या दिशेने ओढावा; किंचितच वाढतो. मात्र समोरासमोरची दोन टोके धरून तो कोनातून ओढला, तर चटकन लांबतो आणि मधून अरुंद होतो. सोडला की पुष्कळसा पूर्ववत होतो. कापडाच्या या तिरक्या दिशेलाच उरेब म्हणतात.

असे का होते, हे शाळेतील शिक्षकांना अगदी सोप्या साधनाने दाखविता येईल. पुठ्ठ्याच्या १० सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या घेऊन त्यांची टोके टाचण्यांनी जोडावीत व चौरस करावा. या चौकटीची एक बाजू धरून ओढली, तर पट्टीची लांबी वाढत नाही, कारण पुठ्ठा ताणला जात नाही. परंतु दोन समोरचे कोपरे धरून ओढले की चौरसाचा समभुज चौकोन होतो. सुरुवातीला दोन्ही कर्ण सुमारे १४.१ सेंटिमीटर असतात. चौकट कलंडून तिचा लहान कोन ६० अंशांचा झाला, की लांब कर्ण १७.३ सेंटिमीटर होतो आणि आखूड कर्ण १० सेंटिमीटरवर येतो. बाजू मात्र चारही तेवढ्याच राहतात. कापडात ताण्याबाण्याच्या अशा असंख्य बारीक चौकटी असतात. कापड चौकटीइतके कलंडत नाही हे खरे, पण तत्त्व तेच. धागा लांबत नाही, धाग्यांमधील कोन बदलतो.

या एका गोष्टीतून उरेब पट्टीचे सारे गुण निघतात. सरळ कापलेली पट्टी गोल गळ्यावर बसविली, तर तिला वळता येत नाही. तिला चुण्या पडतात. उरेब पट्टीची एक कड लांबू शकते आणि दुसरी आखूड होऊ शकते, म्हणून ती गोलाईवर अंगासरशी बसते. शिवाय तिच्या कापलेल्या कडेचे धागे सरळ कडेच्या मानाने कमी सुटतात. पॅरिसच्या वेशरचनाकार मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात सबंध पोशाखच उरेब दिशेने कापून जगभर नाव मिळविले. त्यांच्या कलेचे मूळ आणि आपल्याकडील झबल्याच्या गळपट्टीचे मूळ एकच आहे.

पट्टी कापावी कशी?

पट्टीसाठी सुती पॉपलिन, केंब्रिक किंवा मलमल यांसारखे पातळ व घट्ट विणीचे कापड उत्तम. पट्टीचे कापड मूळ कपड्यापेक्षा जाड असू नये, अन्यथा कड ताठ होते. लहान मुलाच्या कपड्याला जुन्या सुती साडीची पट्टी मऊ लागते. मात्र साडी फार विरलेली असेल तर ती पट्टी ताणताच फाटते. कापड सुती असल्यास ते कापण्यापूर्वी पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करून घ्यावे. तसे न केल्यास पहिल्या धुण्यात पट्टी आटते आणि चांगला शिवलेला गळाही आवळतो. लाल किंवा गडद रंगाच्या कापडाचा रंग जातो की काय, हे ओला पांढरा कपडा त्यावर चोळून पाहावे.

यानंतर खरी उरेब दिशा शोधावयाची. प्रथम कापडाचा आडवा धागा ओढून काढावा व त्या रेषेवर कापून कड सरळ करून घ्यावी. मग ही आडवी कड कापडाच्या काठावर, म्हणजेच उभ्या धाग्यावर, तंतोतंत जुळेल अशी त्रिकोणी घडी घालावी. घडीची जी मोड पडते, तीच ४५ अंशांची उरेब रेषा. ही मोड बोटाने दाबून उलगडावी, त्यावर खडूने रेघ मारावी आणि तिला समांतर अशा हव्या त्या रुंदीच्या रेघा पट्टीने आखाव्यात. अंदाजाने तिरके कापण्याचा मोह टाळावा. कोन चुकला, तर पट्टीला पीळ पडतो आणि तो इस्त्रीनेही जात नाही.

रुंदी किती ठेवावी, हे कामावरून ठरते. कडेला दोन्ही बाजूंनी झाकणारा गोट लावावयाचा असेल, तर तयार गोटाच्या चौपट रुंदी घ्यावी. एक सेंटिमीटरचा गोट हवा असल्यास चार सेंटिमीटरची पट्टी कापावी. जाड कापडास आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढवावेत, कारण ओढल्यावर पट्टी थोडी अरुंद होते आणि घडीतही काही कापड जाते. गळ्याच्या आतून दुमडून घालावयाची पट्टी तीन सेंटिमीटरची पुरते. बारीक दोरी भरलेल्या पायपिंगसाठीही तीन सेंटिमीटर पुरेसे होतात. पट्टीचे काम इंचांत करणाऱ्यांनी तीन सेंटिमीटर म्हणजे सव्वा इंचाहून किंचित कमी आणि चार सेंटिमीटर म्हणजे दीड इंचाहून किंचित जास्त, असे ध्यानात ठेवावे.

जोड आणि हिशेब

पट्टीचे दोन तुकडे जोडताना ते एका रेषेत ठेवून जोडू नयेत. सुलट बाजू आत येईल अशा रीतीने एक तुकडा दुसऱ्यावर काटकोनात ठेवावा. दोन्ही तुकड्यांची तिरकी टोके जुळवून शिवणीच्या मायेइतके छोटे कान दोन्ही बाजूंना बाहेर राहू द्यावेत. या कानांच्या खाचेपासून खाचेपर्यंत टीप मारावी, माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करावी आणि कान छाटून टाकावेत. असा जोड पट्टीवर तिरका पडतो, त्यामुळे त्याची जाडी एका जागी साठत नाही.

पट्टी पुष्कळ लागणार असेल, तर एकेक तुकडा जोडत बसण्यापेक्षा चौरसातून अखंड पट्टी काढण्याची रीत सोयीची आहे. ४० सेंटिमीटर बाजूचा चौरस घ्यावा व कर्णावर कापून त्याचे दोन त्रिकोण करावेत. मूळ चौरसाच्या समोरासमोरच्या दोन बाजू सुलटीवर सुलट ठेवून सहा मिलिमीटर मायेने शिवाव्यात. उलगडल्यावर समांतरभुज चौकोन तयार होतो. त्याच्या दोन लांब बाजू उरेब असतात. त्यांना समांतर अशा चार सेंटिमीटर अंतराच्या रेघा उलट बाजूवर आखाव्यात. शेवटी अपुरी ओळ राहिल्यास ती छाटून टाकावी. आता राहिलेल्या दोन सरळ बाजू एकमेकींना जोडावयाच्या. परंतु जोडताना एक ओळ सरकवून, म्हणजे पहिल्या बाजूची दुसरी रेघ समोरच्या बाजूच्या कडेशी जुळवून शिवावे. कापडाची नळी तयार होते. सरकलेल्या टोकापासून कात्री लावून रेघेरेघेने फिरत गेले की एक सलग पट्टी निघते.

किती पट्टी निघेल याचा हिशेब सोपा आहे. चौरसाच्या क्षेत्रफळाला पट्टीच्या रुंदीने भागावे. ४० सेंटिमीटर चौरसाचे क्षेत्रफळ १,६०० चौरस सेंटिमीटर. त्याला ४ ने भागता ४०० सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर. शिवणीची माया आणि अपुरी ओळ यांत काही कापड जाते, म्हणून या आकड्यातून एक पंचमांश वजा करावा. प्रत्यक्षात सव्वातीन मीटरच्या आसपास पट्टी हाती येते. क्षेत्रफळ आणि भागाकार यांचा व्यवहारातील उपयोग दाखविण्यास सहावी-सातवीच्या वर्गाला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

बचतीच्या दृष्टीनेही हा हिशेब पाहण्यासारखा आहे. तान्ह्या मुलाच्या झबल्याचा गळा, दोन मुंढे आणि पाठीचा उघडा भाग मिळून साधारण सव्वा मीटर पट्टी लागते, असे धरू. तीन सेंटिमीटर रुंदीने २२ सेंटिमीटर चौरसाचा, म्हणजे लहानशा हातरुमालाएवढा तुकडा त्यास पुरतो. ब्लाउज किंवा फ्रॉक कापल्यावर मुंढ्याजवळ व बाहीजवळ एवढी चिंधी सहज उरते. मात्र त्यासाठी कापणीचा क्रम पाळला पाहिजे. आधी कपड्याचे मोठे भाग कापडावर मांडावेत आणि उरलेल्या जागेत पट्ट्या बसवाव्यात. नव्या कापडाच्या मधोमध तिरका छेद देणे म्हणजे दोन्ही बाजूंची त्रिकोणी टोके वाया घालविणे होय. तसेच सरळ कडेला उरेब पट्टीच हवी, असेही नाही. गोधडीची बाजू किंवा पिशवीचे तोंड यांना सरळ पट्टी चालते. गोधडीचे कोपरे गोल असतील, तरच तेथे उरेब पट्टी घ्यावी.

पट्टी लावताना

गळा कापला की प्रथम त्याच्या कडेपासून थोड्या अंतरावर एक टीप मारून ठेवावी. गोल गळ्याच्या दोन्ही बाजूंस कापडाची दिशा आपोआप उरेब होते, आणि नुसते हाताळल्यानेही तो भाग ढिला पडतो. ही टीप त्याला आवरून धरते. झाकणारा गोट लावावयाचा असेल, तर गळ्यासाठी सोडलेली माया कापून टाकावी. कारण गोट कडेवर बसतो आणि माया ठेवली तर गळा लहान होतो. आतून पट्टी घालावयाची असेल, तर मात्र माया ठेवावी लागते.

गोट लावताना पट्टी व गळा सुलटीवर सुलट ठेवून कडा जुळवाव्यात आणि पट्टीच्या रुंदीच्या चौथ्या भागाइतक्या अंतरावर टीप मारावी. मग पट्टी कडेवरून आत वळवावी, मोकळी कड दुमडावी आणि हाताने हेम घालावे. येथे एक नियम पाठ असावा. आत वळलेल्या गोलाईवर, उदाहरणार्थ गळा व मुंढा, पट्टी किंचित ओढून लावावी. बाहेर वळलेल्या गोलाईवर, जसे लाळेऱ्याचे टोक किंवा खिशाचा गोल कोपरा, पट्टी किंचित ढिली सोडावी. कारण उघड आहे. गळ्याला कड आत आणि शिवण बाहेर असते, म्हणून पट्टीची घडी शिवणीपेक्षा आखूड हवी. लाळेऱ्याला ती लांब हवी.

आतून पट्टी घालताना गळ्याच्या मायेला टिपेपर्यंत, पण टीप न तुटेल असे, थोड्या थोड्या अंतरावर कात्रीचे काप द्यावेत. काप न दिल्यास माया आतून खेचते आणि गळा चुरगळतो. ब्लाउजच्या गळ्याला व मुंढ्याला हीच रीत वापरतात. पट्टीची सुरुवात व शेवट समोरच्या बाजूस न आणता खांद्याच्या शिवणीजवळ किंवा पाठीवर आणावा.

चुका ओळखता आल्या की त्या सुधारणेही सोपे जाते. गळा वाटीसारखा आत वळत असेल, तर पट्टी जास्त ओढली गेली. कडेला झालर पडत असेल, तर पट्टी ढिली राहिली. पट्टीवर तिरक्या रेघा उमटून ती पिळवटलेली दिसत असेल, तर एक तर कोन चुकला किंवा आत दुमडताना कड पुढे सरकली. इस्त्री करताना ती पट्टीवरून ओढत नेऊ नये, उचलून दाबावी. ओढलेली इस्त्री पट्टी लावण्याआधीच तिचा ताण संपवून टाकते.

प्रशिक्षणाचा विचार

स्त्रियांना शिवणकाम शिकवून स्वावलंबी करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांच्या शिक्षणाबरोबर शिवणकामासारख्या हस्तव्यवसायांनाही स्थान दिले. स्वातंत्र्योत्तर काळात महिला मंडळांच्या वर्गांतून ते काम खेड्यापाड्यांत पोहोचले. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली, तर ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, म्हणजेच ‘उमेद’चे काम राज्यात २०११ पासून सुरू झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्येही शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून, प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद तीत आहे.

ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असा दंडक आहे. या रकमेतून शिवणवर्ग चालविले जातात. ते ठरविताना पंचायत सदस्यांनी यंत्रांची संख्या व वर्गाचे दिवस एवढेच न पाहता, वर्गात काय शिकविले जाणार, हेही विचारावे. छातीचे माप घेणे, कापणे आणि सरळ टीप मारणे एवढ्यावर वर्ग संपत असेल, तर शिक्षण अर्ध्यावरच राहिले असे समजावे. कड बांधण्यासाठी वर्गातील निदान दोन दिवस राखून ठेवावेत. पहिल्या दिवशी कापडाची दिशा ओळखणे, पट्टी कापणे व जोडणे. दुसऱ्या दिवशी गोल गळा, मुंढा आणि बाहेरची गोलाई. या सरावासाठी नवे कापड मुळीच लागत नाही. गावातील शिंप्याकडे किंवा शिवणकाम करणाऱ्या बचत गटाकडे साठलेल्या चिंध्या पुरेशा होतात. वर्गाच्या शेवटी प्रत्येक प्रशिक्षणार्थीने पट्टी लावलेला एक गोल गळा करून दाखवावा आणि तो एकदा धुऊन, वाळवून मगच तपासावा. धुतल्यानंतर जो गळा सपाट राहतो, तोच खरा उत्तीर्ण.

शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना, दोघांनाही, हे काम देता येईल. गणवेशाची उसवलेली कड पट्टी लावून नीट करणे, दप्तराची फाटलेली धार बांधणे, वर्गातील फलक पुसण्याच्या फडक्याला गोट लावणे ही कामे एका तासात होण्याजोगी आहेत. गणवेश फाटला म्हणून शाळेत यावयास संकोचणाऱ्या मुलाला अशा एका पट्टीचा आधार किती मोठा असतो, हे शिक्षकांना सांगावयास नको.

बाजारात तयार गुंडाळीतील पट्टी मिळते आणि घाईच्या कामाला ती उपयोगी पडते. तथापि कपड्याच्याच कापडाची, त्याच पोताची व त्याच रंगाची पट्टी घरी करता आली, तर कपड्याला जी एकसंधता येते ती विकतच्या पट्टीने येत नाही. आणि कारागीर स्त्रीचा नफाही तिच्याच हातात राहतो. शिलाई यंत्र हे साधन आहे. त्याला उत्पन्नाचे साधन बनविते ते हाताचे कसब. जी चिंधी केराबरोबर टाकली जाते, तिच्यातूनच हे कसब शिकता येते आणि शिकविताही येते. गावोगावचे शिवणवर्ग चालविणाऱ्यांनी आपल्या पुढील वर्गाच्या वेळापत्रकात या पट्टीसाठी दोन दिवस राखले, तर त्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या हातून शिवला गेलेला कपडा दुसऱ्या गिऱ्हाइकाला तिच्या दारी घेऊन येईल.